ब्रॉयलर आणि अंड्यांच्या कोंबड्या एकाच शेडात ठेवता येतील का?

तांबडीमाती

नमस्कार मंडळी,

चिपळूणपासून आत, खाडीच्या अंगाला आमची आंबा-काजूची थोडी जागा आहे. जुना गोठा बरीच वर्षं रिकामा होता, त्याची डागडुजी करून कोंबड्या पाळायचं यंदा नक्की केलंय. गोठा २० बाय १५ फुटांचा, लांब बाजू पूर्व-पश्चिम. कमरेएवढी चिऱ्याची भिंत, वर जाळी, छप्पर कौलारू. लाइट आहे, पाणी विहिरीचं.

बेत असा आहे की एका वेळी शंभर ब्रॉयलर घ्यायचे आणि सोबत चाळीसेक अंड्यांच्या कोंबड्या. ब्रॉयलरला आमच्याकडे गिऱ्हाईक ठरलेल्या वेळेला येतं: आखाड, मग गौरीचा तिखटा सण, मग थेट नाताळ आणि शिमगा. मधल्या श्रावणात कोंबडीला कुणी विचारत नाही. अंडी मात्र वर्षभर लागतात. जवळच दोन खानावळी आणि एक होम-स्टे आहे, ते रोजची अंडी घ्यायला तयार आहेत. म्हणजे एकाने सणाचा पैसा द्यावा आणि दुसऱ्याने रोजचा.

सासूबाई म्हणतात, कोंबडी ती कोंबडी, एकत्र सोडा. ज्यांच्याकडून पिल्लं घेणार ते म्हणतात, काही होत नाही, खाद्य एकच घाला. मला दोन्ही ऐकून धीर होत नाहीये. एकच शेड, एकच खाद्य, एकाच दिवशी आणलेली पिल्लं असं कुणी केलंय का? सविस्तर लिहा, घाई नाही.

माळरान

जागेचा हिशोब केला तर बसतंय. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तूस पसरून पक्षी ठेवतात त्यात, ब्रॉयलरला पक्ष्यामागे १ चौरस फूट आणि अंड्यांच्या कोंबडीला २ चौरस फूट धरतात. शंभर आणि ऐंशी मिळून १८०, तुमच्याकडे ३०० आहेत. कोकणातल्या पावसात ब्रॉयलरला सव्वा-दीड फूट द्या, तरी बसेल. पण जागा बसणं आणि पक्षी एकत्र नांदणं ह्यात फरक आहे. डॉक्टरसाहेब येऊन सांगतीलच.

पशुवैद्य७

आलो. ताई, धीर होत नाहीये ते बरोबरच आहे. एका आवारात दोन्ही पाळता येतात, एका कळपात नाही. का ते नीट लिहितो, कारण कारण कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

पहिलं खाद्य. ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये प्रथिनं २३ टक्क्यांच्या आसपास असतात, स्टार्टरमध्ये २२, फिनिशरमध्ये २०. कॅल्शियम मात्र साधारण १ टक्का. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या खाद्यात, म्हणजे लेअर मॅशमध्ये, प्रथिनं १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के. एका अंड्याच्या कवचात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम जातं, ते तिला रोज कुठून तरी आणावं लागतं. आता हे लेअर मॅश वाढत्या पिल्लांनी खाल्लं तर जादाचं कॅल्शियम बाहेर टाकता टाकता मूत्रपिंडं थकतात. पुढे अंगात युरेट, म्हणजे युरिक आम्लाचे क्षार, साचतात. मेलेला पक्षी फाडून बघितला की हृदयावर आणि यकृतावर चुना लावल्यासारखा पांढरा थर दिसतो. बाहेरून बघाल तर पक्षी नुसता मलूल, पाणी जास्त पिणारा, विष्ठा पांढरी. लोक त्याला कुठलातरी साथीचा रोग समजून औषधं पाजत राहतात.

उलट केलं, म्हणजे सगळ्यांना फिनिशर घातलं, तर कोंबड्या आपल्या हाडातलं कॅल्शियम काढून अंड्याला देतात. कवच पातळ होतं, मग बिनकवचाची अंडी पडतात, मग कोंबडी पायावर उभी राहत नाही. शिवाय चरबी वाढते आणि अंडी घटतात.

दुसरी गोष्ट पिल्लं विकणारे कधी सांगत नाहीत. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीवरचं औषध बहुतेक वेळा मिसळलेलं असतं. त्यातलं नायकार्बाझिन हे औषध अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात गेलं की तांबड्या कवचाची अंडी दोन-तीन दिवसांत फिकी पडायला लागतात, पिवळ्या बलकावर डाग येतात, आणि ती अंडी उबवायला ठेवली तर पिल्लं कमी निघतात. खाद्य बंद केलं की रंग परत येतो, पण तोवरची अंडी तुम्ही खानावळीला देऊन बसलेल्या असता. पोत्याला शिवलेली चिठ्ठी फेकून देऊ नका. त्यावर औषधाचं नाव असतं.

तिसरी गोष्ट प्रकाश. ह्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ब्रॉयलरने रात्रीही खावं म्हणून पहिले काही दिवस २३ तास आणि पुढेही बराच वेळ दिवा चालू ठेवतात. अंड्यांच्या जातीची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वाढत असताना तिला दिवस वाढत गेलेला चालत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सतराव्या-अठराव्या आठवड्यापर्यंत तिला नुसता नैसर्गिक उजेड द्यायचा, आणि त्यानंतर थोडा थोडा वाढवत १६ तासांपर्यंत न्यायचा. ब्रॉयलरच्या दिव्याखाली वाढलेली तलंग अंगाने भरायच्या आधीच अंड्यावर येते. अंडी लिंबाएवढी राहतात आणि काहींची अंडनलिका बाहेर येते. ती लाल दिसली की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. एकदा टोचायची सवय लागली की मोडता मोडत नाही.

चौथं औषधपाणी. ब्रॉयलरला सर्दी-खोकला झाला आणि तुम्ही पाण्यातून प्रतिजैविक दिलं, तर एकाच टाकीचं पाणी कोंबड्याही पिणार. त्याचा अंश अंड्यात उतरतो. ब्रॉयलर विकायच्या आधी औषध ठरावीक दिवस बंद ठेवता येतं, पण रोज अंडं देणाऱ्या कोंबडीचं काय करणार? कोलिस्टिन ह्या प्रतिजैविकावर तर २०१९ पासून माणसाच्या खाण्यात येणाऱ्या जनावरांसाठी बंदीच आहे, तरी कुठेकुठे जुन्या बाटल्या दिसतात. घेऊ नका.

रोगांचं नंतर लिहितो, दवाखान्यात बोलावणं आलंय.

तांबडीमाती

डॉक्टर, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आता एक विचारते. गोठ्याच्या मधोमध जाळी मारून दोन कप्पे केले, खाद्य-पाणी वेगळं ठेवलं, तर चालेल ना?

जुन्नरकडचा

ताई, मी जाळी मारून बघितलंय, म्हणून लिहितो.

जाळीने खाद्य वेगळं होतं, हे खरं. पण कोंबडीला जाळी कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत आमच्या कोंबड्या जाळीवरून उडून ब्रॉयलरच्या बाजूला जायच्या, कारण तिकडचं खाद्य दाणेदार आणि चवीला चांगलं. जाळी छतापर्यंत न्यावी लागली.

त्या दोन पक्ष्यांचा स्वभाव बघायचा असेल तर सकाळी खाद्य टाकताना अर्धा तास उभं राहा. ब्रॉयलर भांड्याजवळ येतो, दोन-चार चोची मारतो आणि तिथेच बसतो. बसल्या बसल्या खातो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तर त्याच्या छातीखालची पिसं गळून कातडी लाल झालेली असते, इतका वेळ तो बसलेला असतो. अंड्यांची कोंबडी एका जागी थांबत नाही. तूस उकरते, दांडीवर चढते, उतरते, ब्रॉयलरच्या पाठीवर पाय देऊन भांड्यात उडी मारते. सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरचं वजन दोन किलोच्या वर, आणि त्याच दिवशी अंड्यातून बाहेर आलेलं अंड्यांच्या जातीचं पिल्लू जेमतेम चारशे-साडेचारशे ग्रॅमचं. लोकांना वाटतं मोठा लहानाला मारेल. होतं उलट. तो जड पक्षी पळू शकत नाही, त्यामुळे हलक्या कोंबड्या त्याच्या शेपटीकडची पिसं उपटतात, रक्त येतं आणि मग सगळ्या तुटून पडतात.

आणि गादी. ब्रॉयलरची विष्ठा ओली आणि भरपूर. चौथ्या आठवड्यापासून तूस रोज खालीवर केलं नाही तर त्याची खपली होते आणि अमोनिया डोळ्याला झोंबायला लागतो. जाळीतून वास अडत नाही. पलीकडच्या कोंबड्यांना विनाकारण सर्दी. मी शेवटी कोंबड्या गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये विटांची भिंत घालून हलवल्या. दार वेगळं, चपला वेगळ्या. तेव्हापासून ठीक आहे.

करारशेती

आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. सांगली भागात मी करार पद्धतीने ब्रॉयलर करतो. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत आपली, किलोमागे वाढणावळ मिळते. करारात लिहिलेलंच असतं की आवारात दुसरी कोंबडी, बदक, काहीही दिसता कामा नये. सुपरवायझर येतो तेव्हा आधी शेडच्या मागे फेरी मारतो. घरच्यासाठी चार गावरान कोंबड्या आम्ही भावाच्या वस्तीवर ठेवल्यात. सुरुवातीला अट जाचक वाटायची. पण एक बॅच निघाली की शेड पूर्ण रिकामं, गादी बाहेर, धुणं, चुना, आणि दोन आठवडे शेड मोकळं, हे चक्र मला आता पटतं. आत कुणीच नसतं, त्यामुळे मागच्या बॅचचा रोग पुढच्या बॅचला देणारं कुणी उरत नाही.

पशुवैद्य७

करारशेती यांनी माझं काम सोपं केलं. राहिलेलं लिहितो.

ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत जातो. अंड्यांची कोंबडी ७२ ते ८० आठवडे तुमच्याकडे राहते. म्हणजे एका कोंबडीच्या आयुष्यात तुम्ही आठ-नऊ वेळा एक दिवसाची पिल्लं तिच्या शेजारी आणणार. मोठी कोंबडी दिसायला ठणठणीत असते, पण सीआरडीचा, म्हणजे जुनाट श्वासरोगाचा, जंतू मायकोप्लाझ्मा, रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी असं बरंच काही ती अंगात आणि गादीत बाळगून असते. तिला त्याचा त्रास नसतो. एक दिवसाच्या पिल्लाला असतो. प्रत्येक नवी बॅच तुम्ही त्यात नेऊन सोडता, आणि मग मरतुक वाढली की पिल्लंच खराब दिली म्हणून भांडण होतं.

लसींचंही वेळापत्रक जुळत नाही. ब्रॉयलरला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमाराला गंबोरो रोगाची, एकविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा पाण्यातून, एवढ्यात काम भागतं. तलंगांना हॅचरीतच मरेक्स रोगाची लस टोचलेली असायला हवी, पुढे सहा-सात आठवड्यांना देवीची, आठ ते दहा आठवड्यांना मानमोडीचीच दुसरी लस, आर२बी. जिवंत लस दिलेला पक्षी ती लस काही दिवस बाहेर टाकत राहतो आणि शेजारच्या पक्ष्याला ती अनपेक्षितपणे मिळते. एका बाजूला लस दिली आणि दुसऱ्या बाजूला शिंका सुरू झाल्या, असं होतं ते त्यामुळे.

म्हणून विटांची भिंत आणि वेगळं दार हा जुन्नरकडचा यांचा मार्ग मला मान्य आहे. त्यात एक नियम घाला: रोज आधी लहान पिल्लांचं काम, मग मोठ्या कोंबड्यांचं. उलट्या क्रमाने कधीच नाही. मोठ्यांकडून लहानांकडे जायचंच असेल तर पाय धुऊन, चपला बदलून.

रानवाट

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आमच्या जव्हारकडच्या पाड्यावर प्रत्येक घरी सगळं एकत्रच असतं. गावरान कोंबड्या, एखादा मोठा कोंबडा, बाजारात टोपलीतून रंगवलेली पिल्लं मिळतात ती, आणि कधी कधी अर्धवट वाढलेले दोन-चार ब्रॉयलर. दिवसभर बाहेर, रात्री खुराड्यात. भाताचा कोंडा, नाचणी, उरलंसुरलं, किडे. कॅल्शियमची टक्केवारी कुणी मोजत नाही. आमच्या आया-आज्यांनी असंच पाळलं. तुम्ही लोक सामान्य बाईला घाबरवून टाकता असं वाटतं.

पशुवैद्य७

रानवाट, तुमचं म्हणणं मोलाचं आहे. घाबरवायचं नक्कीच नाही. तुमच्या पाड्यावर चालतं कारण तिथे दाटी नाही. दहा-पंधरा पक्षी एकराच्या रानात हिंडतात, विष्ठा एका जागी साचत नाही, ऊन सगळं वाळवतं. कोंबडी स्वतः वेचून खाते, चुनखडीचा खडा हवा तेव्हा उचलते, नको तेव्हा सोडते. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, मधे खुडूक बसते, तिच्या अंगावर तेवढा ताणही नसतो. काटेकोर हिशोब लागतो तो वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणाऱ्या जातीला आणि सहा आठवड्यांत दोन किलो होणाऱ्या जातीला. ताईंनी ह्या दोन टोकाच्या जाती ३०० चौरस फुटांत कोंडायचं ठरवलंय, म्हणून एवढं लिहिलं.

एक सांगा, त्या टोपलीतल्या रंगीत पिल्लांचं पुढे काय होतं? ते बहुतेक अंड्यांच्या जातीचे नर असतात. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो. लसही झालेली नसते. अंडी देणार नाहीत आणि मांसही धरणार नाहीत. पाड्यावर मानमोडी येण्याची ती एक वाट आहे.

रानवाट

बरोबर आहे डॉक्टर. निम्मी महिन्याच्या आत जातात. आणि मानमोडी आली की पाडाच्या पाडा साफ होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढ्या एका गोष्टीवर मी तुमच्या बाजूने.

नवापूरचा

रोगाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला सापडला. मोठमोठी लेअर फार्म होती, आज भरलेली शेडं उद्या रिकामी. लाखो पक्षी मारून पुरले. लोकांच्या लक्षात फार्म राहिली. माझ्या लक्षात राहिल्या त्या आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बाया, ज्यांच्या पाच-सात कोंबड्या पथकाने पोत्यात भरून नेल्या. त्यांचा फार्मशी काही संबंध नव्हता. तेव्हा ३ किलोमीटरच्या आतली प्रत्येक कोंबडी त्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तेच घडलं, फक्त आता ती हद्द १ किलोमीटरची झालीये.

ताई, तुम्ही खाडीच्या काठी आहात. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी येतात. पाण्याची टाकी झाकलेली ठेवा, जाळीतून चिमणीसुद्धा आत येणार नाही एवढी बारीक जाळी मारा, आणि बदकं अजिबात एकत्र ठेवू नका. एकदम खूप पक्षी मेले तर लपवू नका, पुरून टाकून गप्प बसू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. उशिराचा फटका शेजाऱ्यांना बसतो.

दूरदेशी

मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहते. घरामागे कोंबड्या पाळते. इथेही हा प्रश्न दर वसंत ऋतूत निघतो, कारण दुकानात दोन्ही प्रकारची पिल्लं शेजारी शेजारी विकायला असतात. आम्ही अंड्यांच्या कोंबड्या कायमच्या खुराड्यात ठेवतो आणि कॉर्निश क्रॉस, म्हणजे ब्रॉयलरच, बिनतळाच्या हलवत्या पिंजऱ्यात गवतावर. पिंजरा रोज एक लांबी पुढे सरकवायचा. विष्ठा मागे राहते, जमिनीला खत मिळतं, पक्षी रोज कोरड्या जागेवर. आठ आठवड्यांत ते संपतात आणि पिंजरा पुढच्या वर्षीपर्यंत आडोशाला.

तात्पुरतं एकत्र ठेवावंच लागलं तर इथले लोक सगळ्यांना कमी कॅल्शियमचं, १८ ते २० टक्के प्रथिनांचं खाद्य घालतात आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतात. ज्या कोंबडीला अंडं घालायचंय ती त्याच्याकडे जाते, बाकीचे जवळजवळ ढुंकूनही बघत नाहीत. मला ही युक्ती फार आवडते. पण कोकणात जून ते सप्टेंबर पिंजरा चिखलात फिरवता येणार नाही, आणि तुमच्याकडे मुंगूस आहेत. इथल्या रॅकूनपेक्षा ते जास्त चपळ असावेत.

जुन्नरकडचा

मुंगूस दिवसाढवळ्या येतं आणि रात्री घूस. पिल्लं नेते ती घूसच, जमिनीखालून बीळ करून. गोठ्याची जमीन कोबा केलेली नसेल तर ताई आधी तो खर्च करा, बाकीचं नंतर. धामण अंड्यांसाठी येते, तिला मारू नका, जाळी बारीक करा.

तांबडीमाती

जमीन शेणाने सारवलेली आहे. म्हणजे कोबा करावाच लागणार. शिंपले तर आमच्याकडे खाडीत हवे तेवढे मिळतात! तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे आणि कालवांचे ढीग पडलेले असतात. ते चालतील का?

पशुवैद्य७

उत्तम चालतील. खारटपणा जाईपर्यंत दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवा, मांसाचा अंश राहू देऊ नका, कडक उन्हात वाळवा किंवा चुलीच्या निखाऱ्यावर थोडे भाजा आणि पाट्यावर भरडा. पीठ करू नका. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे राहू द्या, म्हणजे ते पोटात हळूहळू विरघळतात. अंड्याचं कवच रात्री तयार होतं, तेव्हा कोंबडीच्या पोटात काही शिल्लक असावं लागतं. शिंपल्याचं भांडं संध्याकाळी भरलेलं ठेवा.

कोंबडाआरवला

इतका वेळ वाचत होतो. ताई, तुम्ही दोन वेगळ्या जाती का घेताय? दोन्ही कामं करणारी एकच जात घ्या की.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराज आणि ग्रामप्रिया काढल्या आहेत. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आहे. पिल्लं नर-मादी मिसळलेली येतात, साधारण निम्मी निम्मी. सहा आठवडे ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली, गादीवर, सगळ्यांना एकच खाद्य, एकच लस, एकच उजेड. मग परसात सोडायची. नर बारा ते चौदा आठवड्यांत दीड ते दोन किलोचे होतात, ते सणाला विकायचे. माद्या ठेवायच्या. वनराजची मादी परसात वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी देते, ग्रामप्रिया त्याहून बरीच जास्त. अंडं तांबूस, त्यामुळे खानावळवाल्यांनाही आवडतं.

म्हणजे तुमचा सासूबाईंचा बेत आणि डॉक्टरांचा नियम दोन्ही पाळले जातात. कळप एकच, वय एकच, खाद्य एकच. नर गेले की जागा मोकळी होते आणि नेमक्या त्याच सुमाराला माद्यांना जास्त जागा लागायला लागते.

उणीवही सांगतो. वनराज अंगाने जड, घार किंवा मुंगूस आलं तर गावरान कोंबडीसारखी झाडावर उडत नाही. खुडूकही क्वचितच बसते. पुढची पिल्लं घरीच काढायची म्हणाल तर दोन-तीन गावरान कोंबड्या ठेवा, त्या २१ दिवस इमानाने बसतात. पण संकराच्या कोंबडीच्या पोटची पिल्लं आईसारखी निघत नाहीत, त्यामुळे पक्षी बाहेरूनच आणा.

पिल्लांसाठी कोल्हापूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात विचारा. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही केंद्रं आहेत. नोंदणी आधी करावी लागते. ब्रूडिंगची झंझट नको असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या, पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा गट देतात. पंचायत समितीत चौकशी करा.

तांबडीमाती

हे मला खूप पटतंय. एकच अडचण: आमच्या गिऱ्हाइकांना आखाडात स्वस्त आणि पटकन शिजणारी कोंबडी हवी असते. बारा आठवड्यांच्या कोंबड्याचा भाव त्यांना परवडेल का?

माळरान

घरगुती गिऱ्हाईक वेगळं आणि होम-स्टेवालं वेगळं. मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा कोंबडी-वडे खायला बसतो तेव्हा त्याला घट्ट मांसाचा, रस्श्याला चव देणारा कोंबडाच हवा असतो. ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो, पण त्याचा रस्सा पाणचट लागतो. होम-स्टेला चढ्या भावाने कोंबडे द्या. गावातल्या आखाडाच्या मागणीसाठी वर्षातून एकदाच ब्रॉयलरची बॅच काढा, तीही भिंतीपलीकडे.

जुन्नरकडचा

आखाडाची बॅच काढायची तर तारीख मागे मोजा. गटारीच्या आधीच्या आठवड्यात पक्षी दोन किलोचा हवा, म्हणजे पिल्लं त्याच्या सहा आठवडे आधी. ती नेमकी मृगाच्या तोंडावर येतात, हवा दमट, वीज जाणार. ब्रूडरखाली पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट लागतं, मग आठवड्याला ५ अंशांनी कमी. वीज गेली तर कोळशाची शेगडी आणि पिंपाचं झाकण तयार ठेवा, धूर बाहेर जाईल अशी. पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करून बसली तर थंडी आहे, उष्णतेपासून लांब पळाली तर ताप जास्त आहे, सगळीकडे सारखी पसरली तर बरोबर आहे. थर्मामीटरपेक्षा हे बघा.

आणि उरलेलं ब्रॉयलर खाद्य कोंबड्यांना घालू नका, कितीही जीव तुटला तरी. शेजारच्या वस्तीवर स्टार्टरचं अर्धं पोतं संपवायला म्हणून तांबड्या कोंबड्यांना घातलं होतं. डॉक्टरांनी वर लिहिलंय तेच झालं. आठवडाभर पांढरट, मळकट अंडी. बाजारात बाई विचारायला लागली की ही जुनी आहेत का.

करारशेती

हिशोबाचं एक सांगतो. अंड्यांच्या जातीची मादी पहिलं अंडं द्यायच्या आधी सात किलोच्या आसपास खाद्य खाते. ब्रॉयलर साडेतीन-पावणेचार किलो खाऊन विकला पण जातो. म्हणजे चाळीस तलंगा घेतल्या तर पहिले पाच महिने पैसे फक्त जाणार. वनराज परसात चरते त्यामुळे थोडं कमी लागेल, पण तेवढे महिने काढायची तयारी ठेवून उतरा. अंड्यावर आल्यावर कोंबडी रोज ११० ग्रॅमच्या आसपास खाते.

तांबडीमाती

सगळ्यांचे प्रतिसाद घरी वाचून दाखवले. सासूबाईंना वनराजचा बेत आवडला, त्या म्हणाल्या, आम्ही पण कोंबडे सणाला आणि कोंबड्या घराला असंच करायचो. तर ठरलं ते असं: आधी कोबा आणि मधली भिंत. मोठ्या कप्प्यात साठ मिश्र पिल्लं, ग्रामप्रिया मिळाली तर ती, नाही तर वनराज. दुसऱ्या कप्प्याला दार मागच्या बाजूने. तिथे यंदा काहीच नाही, पुढच्या आखाडाला ब्रॉयलर. भांडी, झाडू, चपला वेगळ्या.

डॉक्टर, शेवटचा प्रश्न. साठ पिल्लांसाठी लस कशी आणायची? दुकानात विचारलं तर मोठी बाटली दाखवतात.

पशुवैद्य७

शंभर-दोनशे डोसच्या खाली बाटली सहसा मिळत नाही, आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चालत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात आधी विचारा, मानमोडीची लस तिथे येते. आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणा आणि सकाळी ऊन चढायच्या आत द्या.

उरलेले डोस वाया घालवू नका. तुमच्या वाडीतल्या गावरान कोंबड्या तुमच्या परसात येणारच आहेत, त्यांना लस नसेल तर तुमचीही धोक्यात. आदल्या संध्याकाळी घरोघरी सांगून ठेवा की उद्या सकाळी कोंबड्या खुराड्यातून सोडू नका. लासोटा मोठ्या पक्ष्यालाही चालते, डोळ्यात एक थेंब. आर२बी मात्र आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आणि अंड्यावरच्या कोंबडीला देऊ नका. कुणाच्या घरी त्या दिवशी आजारी कोंबडी असेल तर त्या घरची लस पुढे ढकला आणि तिथे सगळ्यात शेवटी जा.